वाट मोकळी करणारा वीर

रणांगणावरील शौर्य म्हटले की, शत्रूवर तुटून पडणारा योद्धा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु शस्त्र न उगारता, मृत्यूच्या छायेत सैन्याला वाट करून देणारे वीरही असतात. मेजर रामा राघोबा राणे हे त्यांपैकीच एक होत.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिये या गावी झाला. १९४० साली ते सैन्याच्या अभियंता दलात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते लढले. अंगच्या गुणांमुळे डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले.

त्या वेळी काश्मीरवर आक्रमण झाले होते. राजौरी शहर शत्रूच्या हाती पडले होते आणि तेथील प्रजेचे हाल चालले होते. एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. पण त्या डोंगरी रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरले होते, मोऱ्या उडवल्या होते व प्रचंड वृक्ष आडवे पाडले होते. रस्ता मोकळा झाल्यावाचून रणगाडे पुढे जाणे अशक्य होते. हे काम राणे यांच्या तुकडीवर सोपवण्यात आले.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, पाच घायाळ झाले. घायाळांत स्वतः राणेही होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. त्यांनी उरलेल्या जवानांना धीर दिला आणि लगेच काम हाती घेतले. रात्री दहापर्यंत ते खपत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा तेच. वाटेत आडवे पडलेले वृक्ष त्यांनी स्फोटके लावून उडवले. सायंकाळी पाच मोठ्या वृक्षांचा अडसर लागला. त्याच्या सभोवती सुरुंग होते आणि समोरून मशीनगनचा मारा चालू होता. अंधार पडल्याने सैन्य थांबले. परंतु १० तारखेला पहाटे पावणेपाचलाच राणे यांनी तेथे पुन्हा काम सुरू केले आणि साडेसहापर्यंत वाट मोकळी केली. त्या दिवशी अन्न व विश्रांती यांचा विचारही न करता ते रात्री नऊपर्यंत राबले.

अधिकारी स्वतः सर्वांत पुढे असल्यामुळे जवानांनाही भीतीचा विसर पडला. ११ एप्रिलला सकाळी अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत पोहोचले आणि तेथील प्रजेची सुटका झाली.

या पराक्रमाबद्दल राणे यांना परमवीरचक्र हा सर्वोच्च सन्मान मिळाला. १९६८ साली ते मेजर पदावरून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. इतरांची वाट सुखरूप व्हावी म्हणून स्वतः संकटात पुढे होणे, हेच खरे नेतृत्व होय. राणे यांचे चरित्र आपल्याला हाच धडा देते.