डॉ. होमी भाभा आणि काळाचे घड्याळ

अणुशक्तीच्या संबंधात डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव आमच्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांस परिचित आहे. परंतु तरुणपणी त्यांनी काळाविषयी जो मार्मिक विचार मांडला, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देण्याचे आम्ही योजिले आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. १९२७ साली ते केंब्रिज येथे शिकावयास गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन तर पदार्थविज्ञानात रमलेले. त्याने आपली ओढ पत्राने निर्भीडपणे कळविली. वडिलांनी सुज्ञपणे तोड काढली: इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी, मग गणित शिकण्यास आपली ना नाही. १९३० साली मुलाने अट पुरी केली आणि पित्याने शब्द पाळला.

आता तो विचार पाहू. बडनेऱ्याहून अकोल्यास धावणाऱ्या आगगाडीत कोणी चेंडू सरळ वर उडविला, तर तो त्याच्याच हाती परत येतो; रुळाजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्यास मात्र तो वक्र मार्गाने पुढे गेलेला दिसतो. दोघेही खरे, त्यांच्या संदर्भचौकटी तेवढ्या निराळ्या. काळाचे मापही असेच चौकटीवर अवलंबून असते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखविले. वेगाने जाणारे घड्याळ आपणांस मंद चाललेले आढळते. परंतु इतके वेगवान घड्याळ आणावे कोठून?

१९३८ साली भाभांनी सुचविले की, वैश्विक किरणांतील जो कण आपोआप मोडतो, तोच एक घड्याळ होय. तो वेगात असता त्याचे आयुष्य आपणांस वाढलेले दिसले पाहिजे. आज म्युऑन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कणाचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लक्षांश भागाच्या सुमारे २.२ पट असते. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ६६० मीटरच अंतर कापता येईल. म्हणजे अमरावतीहून निघालेल्याने बडनेऱ्याची अर्धी वाटही गाठू नये. तरी सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मलेले असंख्य म्युऑन भूमीवर पोहोचतात, कारण आपल्या घड्याळाने त्यांचे आयुष्य कित्येक पटींनी लांबते. म्युऑनाच्या चौकटीत मात्र आयुष्य तेवढेच राहते, वातावरणाची जाडी आकुंचन पावते. हिशेब दोन, परंतु उत्तर एकच. १९४० साली रॉसी व हॉल यांनी अमेरिकेत कोलोरॅडोच्या पहाडांत केलेल्या मापनांनी या विचारास पुष्टी मिळाली.

१९३९ साली सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगलोरास त्यांनी वैश्विक किरणांचे संशोधन चालविले. १९४५ साली त्यांच्या प्रयत्नाने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व १९५६ साली तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान-अपघातात वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, आवडीच्या विषयाकडे जाण्यापूर्वी भाभांनी नावडते कामही उत्तम रीतीने पार पाडले, हे ध्यानात ठेवा. आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने आपली ओढ बोलून दाखविली, तर त्याच्या जागी उभे राहून ती एकवार पाहावी.