नुर्मींच्या मुठीतले घड्याळ

बाह्यरुग्ण विभागात हल्ली गुडघा दाखवायला आलेले धावपटू मनगटही पुढे करतात. दोघे मित्र एकाच रस्त्यावर बरोबर पळाले, तरी दोघांच्या घड्याळांत दोनशे मीटरचा फरक कसा, असा त्यांचा प्रश्न असतो. अशा वेळी मला पावो नुर्मी आठवतात. शंभर वर्षांपूर्वी ते साधे स्टॉपवॉच मुठीत धरून धावत असत.

नुर्मी यांचा जन्म १३ जून १८९७ रोजी फिनलंडमधील तुर्कू येथे झाला. वडील सुतार होते. १९१० मध्ये ते वारले आणि घराची घडी विस्कटली. बाराव्या वर्षीच शाळा सोडून पावो एका बेकरीत सामान पोचवण्याच्या कामाला लागला. रेल्वे स्थानकाजवळच्या चढावर जड गाडी ढकलून त्याचे पाय कणखर झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी तीन सुवर्णपदके जिंकली आणि या मुलाला धावण्याचे वेड लागले.

१९२० मध्ये अँटवर्पला ५००० मीटरच्या शर्यतीत फ्रान्सच्या जोसेफ गिलमो यांनी नुर्मींना मागे टाकले. पण त्याच स्पर्धेत त्यांनी तीन सुवर्णपदकेही मिळवली. पुढे एकसारख्या वेगाने धावणे ही त्यांची ओळख झाली. सुरुवातीलाच जोर लावला की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, आम्लता वाढते आणि पाय जड होतात. नुर्मी घड्याळात पाहून आपली ताकद शर्यतभर सारखी वाटून घेत.

१० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी १५०० मीटरची अंतिम शर्यत ३ मिनिटे ५३.६ सेकंदांत जिंकली. दोन तासही झाले नव्हते, तोच ५००० मीटरची अंतिम शर्यत सुरू झाली. नुर्मी दमले असतील अशा हिशेबाने त्यांचेच देशबांधव विल्ले रिटोला आणि स्वीडनचे एडविन वीडे यांनी सुरुवातीपासूनच वेग वाढवला. आता लढत घड्याळाशी नसून माणसांशी आहे, हे ओळखून नुर्मींनी स्टॉपवॉच गवतावर टाकून दिले. त्यांनी ही शर्यत १४ मिनिटे ३१.२ सेकंदांत, रिटोला यांच्यापेक्षा जेमतेम ०.२ सेकंद आधी जिंकली. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५४ सेकंद. त्या ऑलिम्पिकमध्ये त्यांना पाच सुवर्णपदके मिळाली.

इथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. नुर्मींचे घड्याळ अंतर मोजत नव्हते. धावपट्टी मोजलेली होती, घड्याळाने फक्त वेळ सांगायची होती. आजचे घड्याळही वेळ अचूकच सांगते. अंतर मात्र तो अंदाज असतो. उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवलेले बिंदू जोडून ते काढले जाते. उंच इमारतींवरून संकेत परावर्तित होतात, दाट झाडीत क्षीण होतात, उड्डाणपुलाखाली तुटतात. वेग या अंतरावरूनच काढलेला असल्याने त्या क्षणाचा आकडा वरखाली होत राहतो. दोन वारंवारतांवर संकेत घेणारी घड्याळे इमारतींच्या गर्दीत सहसा कमी चुकतात. ट्रेडमिलवर तर हाताच्या हालचालीवरूनच अंदाज बांधला जातो.

दोन घड्याळांची तुलना करायची असेल, तर ४०० मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतल्या लेनमधून दहा फेऱ्या मारा. अंतर चार किलोमीटर भरायला हवे. ट्रॅकवर धावण्यासाठीची खास सोय घड्याळात असेल, तर ती तेवढ्यापुरती बंद ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी हेच करा, मग रोजच्या रस्त्यावरही पाहा. एखाद्या दिवशी जुळण्यापेक्षा दर वेळी जवळपास सारखे उत्तर देणारे घड्याळ बरे. वेगासाठी त्या क्षणाच्या आकड्याऐवजी पूर्ण किलोमीटरची सरासरी बघा. मॅरेथॉनमध्ये घड्याळाने थोडे जास्त अंतर दाखवले, तर लगेच आयोजकांना दोष देऊ नका. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आपण मात्र गर्दीतून वाट काढत, वळणांवर बाहेरून पळतो.

१९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला नुर्मींनी नववे सुवर्णपदक मिळवले. हौशी खेळाडूंचे नियम मोडल्याचा ठपका ठेवून १९३२ च्या ऑलिम्पिकमधून त्यांना बाहेर ठेवण्यात आले आणि मॅरेथॉन धावायची इच्छा अपुरी राहिली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या स्टेडियममध्ये ऑलिम्पिक ज्योत घेऊन ते धावत आले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

उतारवयात मात्र हृदयविकाराने त्यांना गाठले, पुढे पक्षाघातही झाला. १९६८ मध्ये त्यांच्या नावाने हृदयरोगांच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान उभे राहिले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

तरुणपणी कमावलेला दम हृदयविकारापासून कायमचे अभय देत नाही. चाळिशीनंतर धावायला सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. धावताना छातीत दडपण आले, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर किलोमीटर पुरा करण्यासाठी थांबू नका. तिथेच पळणे बंद करा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.