विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी, इ.स. १७९० – १६ जून, इ.स. १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ, निसर्ग-अभ्यासक आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. दख्खनमधील पक्षी, सस्तन प्राणी आणि गोड्या पाण्यातील मासे यांच्या आरंभीच्या शास्त्रीय याद्या त्यांनी तयार केल्या. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी आणि घोड या नद्यांतील अनेक मासे त्यांच्या लेखनामुळे प्रथमच विज्ञानाला ज्ञात झाले. महाराष्ट्राच्या नद्यांत गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या परिचयाच्या कित्येक जातींची शास्त्रीय नावे त्यांनी दिलेली आहेत. त्यांतील बरीच नावे मूळची मराठी आहेत.

सुरुवातीचे जीवन आणि लष्करी सेवा

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात ब्रॅडफर्डजवळ झाला. वडिलांचे नाव सॅम्युएल. इ.स. १८०४मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, त्यांना कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारपद मिळाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेक यांनी भरतपूरला घातलेल्या वेढ्यात ते उपस्थित होते. इ.स. १८१०पर्यंत त्यांनी हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतके प्रावीण्य मिळवले. त्यांच्या पुढील आयुष्यात या मराठीचा वाटा मोठा आहे. सामान्यतः लष्करी चरित्रात भाषेची परीक्षा ही एका ओळीची बाब असते. येथे तसे नाही.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, इ.स. १८१७मध्ये, खडकी आणि पुणे येथील लढायांत ते पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने, देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करीत लढले. त्यानंतर काही डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. ज्या मुळा-मुठेच्या काठी त्यांनी ही लढाई केली, त्याच नदीच्या माशांची यादी पुढे त्यांच्या हातून झाली. इ.स. १८२० ते १८२४ या काळात ते युरोपात होते.

दख्खनची सांख्यिकी

इ.स. १८२४मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमणूक केली. नव्याने ताब्यात आलेल्या पेशवाईतील मुलखाची लोकसंख्या, जमीनधारणा, पिके, हवामान आणि नैसर्गिक संपत्ती यांची माहिती गोळा करणे, हे त्यांचे काम होते. या कामामागे महसुलाची गरज होती, हे विसरून चालत नाही. राज्य चालवण्यासाठी कंपनीला आकडे हवे होते. मात्र साइक्स यांच्या नोंदी सरकारी गरजेच्या पलीकडे गेल्या. गावोगावी मुक्काम करताना ते वायुभारमापक आणि तापमापक यांची नियमित वाचने घेत, आणि पक्षी, प्राणी व मासे यांचे नमुने जमवीत.

डिसेंबर १८२९मध्ये सरकारने हे पदच रद्द केले. साइक्स यांनी लष्करी सेवेतून रजा घेऊन अपुरे काम पुढे चालू ठेवले. जानेवारी १८३१मध्ये अहवाल पूर्ण झाल्यावर ते मायदेशी रवाना झाले आणि इ.स. १८३३मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. माशांवरील लेखन यानंतरचे, म्हणजे इंग्लंडमध्ये बसून केलेले असले, तरी त्याचा सारा कच्चा माल दख्खनच्या याच भटकंतीतला होता.

दख्खनचे मासे

दख्खनमधील माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे इ.स. १८३८मध्ये वाचला गेला. त्याचा संक्षेप १८३९मध्ये आणि चित्रांसह विस्तृत लेख १८४१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ जातींची नोंद असून त्यांपैकी बहुतेक विज्ञानाला नव्या असल्याचे त्यांचे मत होते. ही यादी घाटमाथ्यावरच्या, पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांची आहे. कोकणातील नद्या, उदाहरणार्थ उल्हास किंवा भिवंडीजवळून वाहत वसईच्या खाडीला मिळणारी कामवारी, तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील गोड्या पाण्याच्या माशांचा विचार करताना साइक्स यांची यादी जशीच्या तशी वापरता येत नाही.

त्या काळातील अनेक अभ्यासक मद्यार्कात बुडवून बोटीने आलेल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवरून वर्णने लिहीत. साइक्स यांची चित्रे नदीकाठच्या मुक्कामात हाती आलेल्या ताज्या माशांवरून, मोजमाप घेऊन काढलेली होती. हीच त्यांच्या कामाची खरी ताकद ठरली. खवल्यांची व परांमधील काट्यांची मोजणी मात्र ते आजच्या कसोटीने तोकडीच करीत, आणि त्यातून पुढे बराच गोंधळ झाला.

नावांच्या बाबतीत त्यांनी वेगळी वाट धरली. यारेल, ओगिल्बी, व्हिगर्स अशा समकालीन प्राणिशास्त्रज्ञांची नावे काही जातींना दिली असली, तरी इतर अनेक जातींना त्यांनी नदीकाठच्या लोकांच्या तोंडी असलेली नावेच लॅटिन साच्यात बसवली. शिंगटीवरून ‘सींगटी’, घोगऱ्यावरून ‘गोग्रा’, मल्यावरून ‘मुल्या’ अशी ही नावे बनली. ‘रोहटी’ हे तर त्यांनी संपूर्ण प्रजातीचेच नाव केले. इंग्रजी उच्चारपद्धतीमुळे काही शब्दांची रूपे इतकी बदलली आहेत की मूळ मराठी शब्द कोणता, याविषयी आज तर्कच करावा लागतो. ‘गारा मुल्या’, ‘मिस्टस सींगटी’, ‘रिटा गोग्रा’, ‘रिटा कुटर्नी’, ‘साल्मोस्टोमा बालूकी’, ‘लेबिओ बोग्गुट’, ‘टोर खुद्री’ आणि ‘बगॅरियस यारेली’ ही साइक्स यांनी वर्णिलेल्या व आजही ग्राह्य मानल्या जाणाऱ्या जातींपैकी काही होत.

या यादीत महासीर आणि बगॅरियससारखे मोठे मासे आहेत, तसेच वीतभरही लांबी नसलेले मासेही आहेत. पाण्याच्या पृष्ठभागालगत थव्याने फिरणारे ‘बालूकी’सारखे चंदेरी मासे बांबूची आखूड काठी, दोरी आणि कणकेची गोळी लावलेला बारीक गळ एवढ्या साधनावर सापडतात. युरोपात चरखी नसलेल्या आखूड काठीने लहान नदीमासे धरून त्यांचे एकूण वजन मोजण्याच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्रात हा प्रकार स्पर्धेच्या रूपाने रुजला नाही. येथे तो नदीकाठच्या मुलांचा उद्योग राहिला. हौशी इंग्रज मासेमारांचेही लक्ष प्रामुख्याने महासीरवर असे. साइक्स यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, इ.स. १८७३मध्ये, मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्यातही महासीरलाच मानाचे स्थान आहे. साइक्स यांनी मात्र बोटभर माशालाही मोठ्या माशाइतकीच स्वतंत्र नोंद दिली.

नावांवरील वाद

साइक्स यांनी वर्णिलेले मूळ नमुने बव्हंशी आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांनी नाव दिलेला मासा नेमका कोणता, हे ठरवण्यासाठी त्यांचे वर्णन, चित्र आणि नदीचे नाव एवढाच आधार उरतो. फ्रान्सिस डे यांनी इ.स. १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांवरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध करताना साइक्स यांच्या अनेक नावांची फेरतपासणी केली.

सर्वांत लांबलेला गोंधळ ‘बार्बस मुसुल्लाह’ या नावाचा आहे. साइक्स यांनी वर्णिलेला हा मासा दीर्घकाळ मदारीचा महासीर समजला गेला, आणि कावेरीतील मदार असलेल्या अवाढव्य महासीरलाही तेच नाव चिकटले. एकविसाव्या शतकातील अभ्यासात हा मासा महासीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीतील असल्याचे दाखवण्यात आले. परिणामी कावेरीतील महासीर काही काळ शास्त्रीय नावाविनाच राहिला. इ.स. २०१८मध्ये त्याची ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी निश्चित झाली, आणि त्यानंतर तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव नसलेल्या माशाला संरक्षण देता येत नाही, म्हणून हा वाद केवळ ग्रंथालयातला नव्हता.

यात साइक्स यांच्याच दुसऱ्या एका माशाचा संबंध आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून त्यांनी वर्णिलेला ‘टोर खुद्री’ लोणावळ्याजवळील वळवण येथील टाटांच्या केंद्रात कृत्रिम प्रजननाने वाढवण्यात आला, आणि त्याची पिल्ले देशातील अनेक नद्यांत व जलाशयांत सोडण्यात आली. कृष्णेच्या खोऱ्यातील हा मासा अशा रीतीने कावेरीतही पोहोचला. तेथे गळाने धरून पुन्हा सोडून दिलेल्या माशांच्या नोंदींवरून असे आढळले की खुद्रीची संख्या वाढत गेली आणि मूळच्या मदारीच्या महासीरची घटत गेली. संवर्धनाच्या हेतूने केलेले काम दुसऱ्या जातीच्या मुळावर आले. हे लक्षात आले तेही हौशी मासेमारांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या वह्यांमुळे.

अन्य संशोधन

साइक्स यांची दख्खनमधील पक्ष्यांची सूची इ.स. १८३२मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २३६ जाती आहेत. दख्खनच्या हवामानाविषयीचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि इ.स. १८३४मध्ये ते त्या संस्थेचे सदस्य झाले. दख्खनमधील जमीनधारणा, चिनी प्रवाशांच्या वृत्तान्तांतून दिसणारा प्राचीन भारत, रेशमाचे किडे अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांवरही त्यांनी लिहिले.

उत्तरायुष्य

इ.स. १८४०मध्ये साइक्स कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६मध्ये तिचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी उत्तर भारतात उठाव झाला आणि १८५८मध्ये कंपनीचे राज्य संपुष्टात आले. १८५७पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून संसदेत होते. रॉयल एशियाटिक सोसायटीचे व लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. चीनमधील तैपिंग बंडखोरांविषयी त्यांनी जाहीर सहानुभूती दाखवली. त्या काळच्या ब्रिटिश राजकारणात ही भूमिका अपवादात्मक होती.

१६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. दख्खनच्या माळरानावरील साइक्सचा चंडोल आणि पूर्व आफ्रिकेतील साइक्सचे माकड यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.