मागच्या रांगेतला वादक : चार्ल्स मिंगस

माझे वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. भजन संपल्यावर लोक बुवांच्या पाया पडतात. मृदंगाकडे कोणी फारसे पाहत नाही. त्यामुळे असेल, जाझ संगीतातल्या एका बेसवादकाचे चरित्र वाचताना तो माणूस मला परका वाटला नाही. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचे खर्जातले वाद्य. वादकाने मागे उभे राहून तारा छेडायच्या आणि इतरांना आधार द्यायचा, एवढेच त्याचे काम समजले जाई. मिंगसने ते वाद्य पुढे आणले.

त्याचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नोगालेस येथे झाला. तो तान्हा असतानाच आई वारली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत तो वाढला आणि चेलो शिकू लागला. पण काळ्या मुलाला अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात घेणार कोण? बडी कोलेट या मित्राने त्याला बेस धरायला सांगितले. सल्ला व्यवहाराचा होता. दहावीनंतर मलाही एका गुरुजींनी सुचवले होते, की तुमच्या घरात कोणी शिकलेले नाही, कॉलेजच्या भानगडीत न पडता एखादी कारागिरी शीक. हेतू चांगलाच असेल. पण ते बोलणे अजून सलते.

मिंगसने बेस धरला, मात्र चेलोवाल्याची महत्त्वाकांक्षा सोडली नाही. लुई आर्मस्ट्राँग, लायोनेल हॅम्प्टन यांच्या साथीला तो वाजवी. मध्यंतरी टपालखात्यातही नोकरी करावी लागली. १९५२ मध्ये ड्रमवादक मॅक्स रोच यांच्याबरोबर त्याने स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. नव्या रचना तो वादकांच्या हाती कागदावर न देता पुष्कळदा गाऊन, वाजवून शिकवी. आमच्या भजनी मंडळात तरी दुसरे काय होते! त्या चौकटीत प्रत्येकाने आपली भर घालायची. कधी सगळे एकदमच बोलू लागत. १९५६ च्या ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’मध्ये हा कल्लोळ ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकताना मी गोंधळून गेलो, हे कबूल केले पाहिजे.

१९५७ मध्ये आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉक येथील शाळेच्या दारात सैनिक उभे केले. कशासाठी? नऊ काळ्या मुलामुलींना आत जाता येऊ नये म्हणून! मिंगसने फॉबसची टर उडवणारे गाणे रचले. १९५९ मध्ये मोठ्या कंपनीने ते शब्दांवाचून काढले. पुढच्याच वर्षी त्याने दुसऱ्या कंपनीकडून शब्दांसह ध्वनिमुद्रित केले.

तो साधुपुरुष नव्हता. १९६२ मध्ये त्याने जिमी नेपर या आपल्याच ट्रॉम्बोनवादकाच्या तोंडावर ठोसा मारून दात मोडला. फुंकून वाजवणाऱ्याचा दात म्हणजे त्याची भाकरीच. याला माझ्याजवळ समर्थन नाही. १९६६ मध्ये मिंगसला न्यूयॉर्कमधल्या राहत्या जागेतून बाहेर काढले, सामान रस्त्यावर आले. १९७१ मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले.

पुढे स्नायू निकामी करणारा आजार जडला. बोटे थांबली, तरी तो सुरावटी गुणगुणून टेपवर नोंदवी. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी सू हिने त्याची रक्षा भारतात आणून गंगेत सोडली. हे सांगितले तेव्हा वडिलांनी मोबाइलवरचे त्याचे वादन पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.