लिओ फेंडर : वाजवितां न येणारा वाद्यकार

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चवथ्या अध्यायांत लामेखाच्या पुत्रांची हकीकत आहे. त्यांतला युबाल हा तंतुवाद्यें व पांवा वाजविणाऱ्यांचा मूळपुरुष, आणि तुबल-काइन हा धातूंचीं हत्यारें घडविणारा. दोघे एकाच बापाचे. परंतु वाजविणाऱ्याचा हात निराळा आणि घडविणाऱ्याचा हात निराळा. ज्या गृहस्थाचें चरित्र येथें द्यावयाचें आहे तो सर्वस्वीं तुबल-काइनाच्या कुळींचा होता. विजेवर वाजणारी गिटार आज जगाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन पोंचली आहे. ती घडविणाऱ्यांत ज्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें त्या लिओ फेंडरास गिटार वाजवितां येत नव्हती. इतकेंच नव्हे, तर तिच्या तारा सुरांत लावणेंहि त्यास कधीं साधलें नाहीं. हें ऐकून आमच्या विद्यार्थिमित्रांस हंसूं येईल. परंतु ह्या उणेपणाशींच त्याच्या यशाचा निकटचा संबंध होता, असें मला वाटतें.

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर ह्याचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, ॲनाहाइम व फुलर्टन ह्या गांवांच्या दरम्यान, 10 ऑगस्ट 1909 रोजीं झाला. आईबापांचा संत्र्यांचा मळा होता. आठव्या वर्षीं त्याच्या डाव्या डोळ्यांत गांठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागीं कांचेचा डोळा बसविण्यांत आला. एवढ्या लहान वयांत आलेली ही आपत्ति त्यानें कशी सोसली असेल, ह्याची कल्पना आईबापांनींच करावी. पुढें महायुद्धाच्या काळांत सैन्यभरतीपासून तो दूर राहिला तोहि ह्याच व्यंगामुळें.

शाळेंत असतां नात्यांतील एका वडील गृहस्थांचें दुकान त्यानें पाहिलें. मोटारींच्या विजेच्या भागांची दुरुस्ती करणारें हें दुकान सँटा मारिया गांवीं होतें. त्या गृहस्थांनीं सुट्या भागांतून स्वतः एक रेडिओ जोडला होता व त्याचा मोठा आवाज दुकानाबाहेर ऐकूं येत असे. तो आवाज मुलाच्या मनांत कायमचा बसला. घरीं येऊन तो रेडिओ उघडूं लागला, जोडूं लागला, आणि शाळेंत असतांनाच लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करून देऊं लागला. शाळेंत त्यानें पियानो आणि सॅक्सोफोन हीं वाद्येंहि कांहीं काळ हाताळलीं. परंतु मन रमलें तें तारांत आणि दिव्यांत.

असें असतां त्यानें विद्युत्शास्त्राचें शिक्षण घेतलें असेल असें कोणास वाटेल. तसें मुळींच नाहीं. 1928 सालीं हायस्कूल सोडल्यावर कॉलेजांत त्यानें जमाखर्चाचा विषय घेतला आणि तो हिशेबनीस झाला. 1934 सालीं एस्थर क्लॉस्की हिच्याशीं त्याचा विवाह झाला. तो काळ अमेरिकेंतील भयंकर मंदीचा. प्रथम रस्तेखात्यांतली हिशेबनिसाची जागा गेली. मग टायरच्या एका कंपनींत मिळालेली नोकरीहि थोड्याच महिन्यांत संपली. घरीं बसून दैवास दोष देण्याऐवजीं त्यानें 1938 सालीं सहाशें डॉलर कर्ज काढलें आणि फुलर्टन येथें रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. वय तेव्हां अठ्ठावीस-एकोणतीस.

ह्या दुकानांत रेडिओबरोबर ध्वनिक्षेपक येत, ग्रामोफोन येत, आणि त्यांच्या मागोमाग वादकहि येऊं लागले. हवाई बेटांतील मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या गिटारीचें त्या दिवसांत अमेरिकेंत मोठें वेड होतें. हीच गिटार पुढें आपल्याकडेहि आली. मूळचे लखनौचे ख्रिस्ती वादक व्हॅन शिप्ली ह्यांनीं मुंबईंत विजेच्या हवाई गिटारीवर चित्रपटांतील चाली वाजविल्या व त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. असो. वादक फेंडर ह्यांच्याकडे येत ते तक्रारी घेऊनच येत. कोणाचा आवाज फाटे, कोणाचा घरघरे, कोणाची तार जाग्यावर राहात नसे. फेंडर त्या शांतपणें ऐकून घेत. स्वतः वाजवितां येत नसल्यामुळें आपलीच आवड खरी असें मानण्याचा मोह त्यांना नव्हता. वादक सांगेल तें टिपून घ्यावें, वाद्य सुधारावें आणि पुन्हां त्याच्याच हातीं द्यावें, असा त्यांचा क्रम होता. डॉक कॉफमन नांवाच्या वादक-कारागिराबरोबर त्यांनीं 1945 सालीं एक लहानसा कारखाना काढला व हवाई गिटारी आणि ध्वनिवर्धक तयार करण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं कॉफमन भागींतून निघाले आणि फेंडर ह्यांनीं आपल्या नांवानें कंपनी काढली.

येथें त्या वाद्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. आपल्या सतारीस वा तंबोऱ्यास भोपळा असतो. तार छेडली कीं तिचें कंपन घोडीवाटे तबलीस व भोपळ्यांत पोंचतें आणि तेथील हवेमुळें नाद मोठा होतो. साध्या गिटारीचें पोकळ धड हेंच काम करतें. विजेच्या गिटारीचा प्रकार निराळा. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ह्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकापुढें थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें व वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे ह्यानें 1831 सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. वरच्या वर्गांतील मुलांस तो पाठ असेलच. हा प्रवाह ध्वनिवर्धकांत नेऊन मोठा केला कीं नाद सभागृहभर पसरतो.

फेंडर ह्यांच्या पूर्वींहि विजेच्या गिटारी होत्या. त्यांतल्या बहुतेकांचें धड मात्र पोकळच असे. आवाज वाढविला कीं कर्ण्यांतून निघालेला नाद पुन्हां त्या पोकळींत शिरे, धड आपोआप घुमूं लागे आणि कानठळ्या बसविणारी शीळ निघे. नृत्यगृहांतल्या गर्दींत वाजविणाऱ्यांची ही रोजची डोकेदुखी होती. फेंडर ह्यांनीं विचार केला कीं, नाद वाढविण्याचें काम जर वीज करते, तर मग पोकळी हवीच कशाला? भरीव लांकडाची गिटार करण्याचे प्रयत्न इतरांनींहि केले होते, ही गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. परंतु ती कारखान्यांत मोठ्या संख्येनें, सर्वसामान्य वादकास परवडेल अशी निर्माण करून यशस्वी करून दाखविण्याचें श्रेय फेंडर ह्यांचेंच आहे.

1950 सालीं ती गिटार बाजारांत आली. ॲश लांकडाची एक सपाट फळी, मेपल लांकडाची एक दांडी, आणि दोहोंस जोडणारे चार स्क्रू! जुन्या पद्धतीचे वाद्यकार दांडी सरसानें सांधून तींत महिने घालवीत. फेंडर ह्यांनीं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेनें पाहिलें: जो भाग झिजणार तो स्क्रू काढून बदलतां आला पाहिजे. प्रतिस्पर्ध्यांनीं त्या फळीस होडीच्या वल्ह्याची उपमा देऊन चेष्टा केली. नांवावरूनहि अडचण आली. प्रथम ठेवलेलें ‘ब्रॉडकास्टर’ हें नांव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नांवाशीं जुळत होतें. त्या कंपनीनें हरकत घेतल्यावर फेंडर ह्यांच्या माणसांनीं छापील पट्टीवरील तो शब्द चक्क कातरून टाकला व कांहीं महिने बिननांवाच्याच गिटारी विकल्या. आज त्या बिननांवी गिटारींस संग्राहक भरमसाट किंमत मोजतात. 1951 सालीं तिचें नांव ‘टेलिकास्टर’ झालें. त्याच वर्षीं त्यांनीं खर्जाची विजेची गिटार काढली. त्यापूर्वीं खर्जासाठीं माणसाहूनहि उंच असें वाद्य उभें धरून वाजवावें लागे व एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतांना वादक मेटाकुटीस येई. फेंडर ह्यांनीं तें गळ्यांत अडकवितां येईल असें केलें आणि दांडीवर पडदे बसविले, त्यामुळें सूर नेमका जागेवर लागूं लागला.

टेलिकास्टरच्या कडा छातीस व कोपरास बोंचतात, अशी बिल कार्सन नांवाच्या वादकाची तक्रार होती. मूळचे हवाई बेटांतील वादक फ्रेडी टॅव्हारेस 1953 सालीं कारखान्यांत आले होते. त्यांच्या साहाय्यानें नवीन आकृति काढण्यांत आली व 1954 सालीं ‘स्ट्रॅटोकास्टर’ जन्मास आली. शरीरास लागतील तेथें कडा तासलेल्या, वर दोन शिंगांसारखीं टोकें, तीन पिकअप, आणि सूर हेलकावण्यासाठीं एक दांडा. किंमत 249 डॉलर 50 सेंट. हें सगळें नवें. परंतु त्यांत नक्षीकाम म्हणून जवळजवळ कांहींच नाहीं. रंग हवा तर मोटारींना द्यावयाचा! मोटारींच्या रंगाच्या डब्यांतला तांबडा किंवा निळा रंग थोडे अधिक पैसे भरल्यास गिटारीस मिळत असे. तारांची पकड, बोटांची सोय, दुरुस्तीची सुलभता ह्यांपलीकडे शोभेचा विचार त्यांच्या मनांत फारसा येत नसे, आणि तरी त्या आकृतीहून शोभिवंत आकृति पुढें क्वचितच कोणास साधली, हें नवल आहे.

परदेशी वाद्यांवर ब्रिटननें घातलेले निर्बंध 1959 सालीं सैल झाले. त्या वर्षीं गायक क्लिफ रिचर्ड ह्यांनीं आपला साथीदार हँक मार्व्हिन ह्याच्यासाठीं तांबडी स्ट्रॅटोकास्टर मागविली. ती त्या देशांत आलेल्या पहिल्या गिटारींपैकीं मानतात. तिचा नाद ऐकून इंग्लंडांतील मुलें वेडीं झालीं. योगायोग असा कीं, हे क्लिफ रिचर्डहि लखनौ येथेंच 1940 सालीं जन्मले. 1969 सालीं वुडस्टॉक येथील संगीतमेळ्यांत जिमी हेंड्रिक्स ह्यानें एका पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजविलें. व्हिएतनामच्या युद्धाचे ते दिवस. बाँबगोळ्यांचा कल्लोळ त्या सुरांतून ऐकूं आला असें कित्येकांस वाटलें. त्या गिटारीवर ध्वज नव्हता, राजमुद्रा नव्हती.

परंतु तोंपर्यंत लिओ फेंडर आपल्याच कंपनीचे धनी राहिले नव्हते. 1955 च्या सुमारापासून त्यांना नाकाच्या हाडांतील पोकळ्यांत जंतुदोष जडला होता व तो कांहीं केल्या हटेना. आपण फार दिवस जगत नाहीं, अशी त्यांची समजूत झाली. शेंकडों कामगारांचा पसारा मागें कोणी सांभाळावा? 1965 च्या जानेवारींत त्यांनीं कंपनी सी. बी. एस. ह्या मोठ्या संस्थेस 1 कोटी 30 लक्ष डॉलरांस विकली. आणि मग काय झालें? त्यांनीं डॉक्टर बदलला, नवीन डॉक्टरानें जंतुनाशक औषधांचा जोरदार उपचार केला, आणि थोड्या वर्षांत ते ठणठणीत बरे झाले! पैसा हातीं होता, प्रकृति परत मिळाली होती, फक्त काम गेलें होतें. कराराप्रमाणें ठराविक मुदतींत त्यांना स्पर्धेचा धंदा काढतां येत नव्हता. मोठ्या संस्थेच्या हातीं गिटारींचा दर्जा घसरल्याची वादकांची ओरड सुरू झाली, ती ते दुरून ऐकत असले पाहिजेत. कोट्यधीशाच्या पदरीं आलेलें हें दुःख मला त्या मंदींतल्या बेकारीहून मोठें वाटतें.

मुदत संपतांच ते पुन्हां कामास लागले. ‘म्यूझिक मॅन’ कंपनीसाठीं त्यांनीं 1976 सालीं ‘स्टिंगरे’ ही खर्जाची गिटार बाहेर आणली. 1979 सालीं एस्थर कर्करोगानें वारल्या. सत्तरी गांठलेल्या फेंडर ह्यांनीं त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन ह्या जुन्या सहकाऱ्याबरोबर ‘जी अँड एल’ ही आणखी एक कंपनी उभी केली. पुढें त्यांनीं दुसरा विवाहहि केला.

इकडे त्यांच्या जुन्या कंपनीच्या गिटारी 1982 पासून जपानांत होऊं लागल्या. 1985 सालीं कंपनींतल्याच अधिकाऱ्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती कंपनी सी. बी. एस. कडून परत घेतली, 1987 सालीं मेक्सिकोंतील एन्सेनाडा येथें कारखाना निघाला, आणि त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत खास गिटारींची एक वेगळी कार्यशाळा सुरू झाली. तेव्हांपासून ठराविक संख्येच्याच गिटारींच्या आवृत्त्या काढण्याची चाल फार वाढली. अशा आवृत्त्यांसाठीं कोणी एखाद्या राष्ट्राच्या ध्वजाचे रंग घेतो, कोणी एखाद्या देशाची नक्षी धडावर उतरवितो. कारागिरी उत्तम असते, ह्यांत शंका नाहीं. मात्र अशा पुष्कळशा गिटारी कांचेच्या कपाटांतच राहतात. हवाईकरानें वाजविली कीं हवाईची, इंग्रजानें वाजविली कीं इंग्लंडची, अशी लिओची साधी फळी मला अधिक आवडते. वादकांनीं तिचा रंग झिजवून खालचें लांकूड उघडें पाडलें आहे, आणि गंमत अशी कीं त्या झिजेची हुबेहूब नक्कल करून नव्या गिटारीहि विकल्या जातात.

शेवटचीं वर्षें लिओ फेंडर ह्यांना कंपवातानें ग्रासलें. तरी ते कारखान्यांत येत, आपल्या मेजाशीं बसत, पिकअपची जुळणी बदलून पाहात, आणि ती कशी वाटते हें वाजविणाऱ्याकडून ऐकून घेत. 21 मार्च 1991 रोजीं फुलर्टन येथें त्यांचें निधन झालें. ‘जी अँड एल’च्या कारखान्यांतील त्यांची खोली पुढें कित्येक वर्षें, त्यांनीं सोडली तशीच, मेजावरील हत्यारांसह ठेवलेली होती.