शाहू महाराज आणि कोल्हापूरची तांबडी माती

आपल्या कित्येक घरांचे पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढून मॉरिशसला आले, तेव्हा कोल्हापूरचे शाहू छत्रपती जन्मलेही नव्हते. म्हणून शिवाजी महाराजांचे नाव आपल्या वाडवडिलांनी गाठोड्यात बांधून आणले. शाहू महाराजांचे नाव मात्र आपल्याला पुस्तकांतून शिकावे लागले. पुस्तके त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतात आणि ते खरेच आहे. आज आम्ही वाचकांपुढे त्यांच्या कार्याची दुसरी एक बाजू ठेवीत आहोत. राज्याच्या तिजोरीतला पैसा रयतेच्या अंगात बळ यावे म्हणून खर्च करणारा हा राजा होता.

त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून १८८४ साली राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले व २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कारभार हाती आला. पुढे दोनच वर्षांत दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. उपाशी आणि रोगी रयत म्हणजे काय, हे या तरुण राजाने राज्य करता करताच पाहिले.

महाराज स्वतः धिप्पाड होते, तालमीत घुमलेले होते. कुस्तीचे वेड पुष्कळ संस्थानिकांना होते. दोन नामांकित मल्ल पदरी बाळगायचे, सणावाराला त्यांची झुंज लावायची आणि पाहुण्यांना दाखवायची, एवढ्यावर ते वेड बहुधा थांबे. शाहू महाराज तेथे थांबले नाहीत. त्यांनी तालमींना दरबाराचा हात दिला आणि गरीब घरच्या होतकरू पोरांना खुराक लावून दिला. खुराक ही लहान गोष्ट नव्हे. रोज शेकड्यांनी जोर-बैठका काढणाऱ्या मुलाला दूध, तूप, बदाम लागतात आणि शेतमजुराच्या घरी भाकरीचीच ओढ असते. खुराक नसेल तर तालमीचे दार उघडे असून काय उपयोग? पंजाबचे मोठमोठे मल्लही त्यांनी कोल्हापुरात आणले, म्हणजे गावच्या पोरांना नवे डाव शिकता आले.

आणि हे दार जातीवर बंद होत नव्हते, ही खरी मोलाची गोष्ट. त्या काळी ज्याची सावली टाळली जाई, त्याच्या अंगाला अंग भिडवून कुस्ती खेळणे म्हणजे काय, याची वाचकांनी कल्पना करावी. अस्पृश्य मानलेल्या घरांतील मल्लांना महाराजांनी जाट, सरदार, पंडित अशी बिरुदे दिली. जात विचारली जाण्याआधी नाव कानावर पडावे, असा त्यातला हेतू आम्हाला दिसतो. १९०२ साली ज्या राजाने सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्याच राजाचे हे काम आहे.

त्याच १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन कलोसियम पाहिले. तेथे एके काळी माणसे मरताना पाहायला लोक जमत. महाराजांनी त्यातली मरणाची करमणूक सोडली आणि बसण्याची सोय तेवढी घेतली. परत आल्यावर १९०७ साली खासबागेत मैदानाचे काम सुरू झाले व १९१२ साली ते पुरे झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती पायरी-पायरीने चढत जाणारी गोल बैठक. मागच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्यालाही मल्लाचा डाव स्पष्ट दिसावा, अशी तिची रचना. हजारो माणसे तेथे मावतात. पहिल्याच मोठ्या फडात गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली व इमामबक्षने ती मारली.

शाळा कमी असताना कुस्तीवर पैसा का, असे कोणी म्हणेल. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हालाही सुटत नाही. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी खेळाचा तास कापला जातो, हे आपण सारे जाणतो. महाराजांनी असे एकातून काढून दुसऱ्यात घातले नाही. मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. उणीव होती ती वेगळी. हे मैदान पुरुषांचेच राहिले. मुलींना त्यांनी शाळेत आणले, पण त्यांच्या शरीरबळाचा तितका विचार तेव्हा झाला नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. एका राजाच्या हातावर उभे असलेले काम तो गेल्यावर कोसळते, असे बहुतेक ठिकाणी घडले. कोल्हापुरात तालमी टिकल्या, कारण तोवर त्या पेठांच्या झाल्या होत्या. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारही संपला. तीन वर्षांनी कराडजवळच्या गोळेश्वरचा एक मल्ल, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला खाशाबा जाधव, हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाला. सरकारी मदत पुरेना. लोकांनी वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतासाठी एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत उतरले, आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.