भास्करबुवा बखले
भास्करबुवा बखले (जन्म : कठोर, बडोदा संस्थान, १७ ऑक्टोबर १८६९, मृत्यू : पुणे, ८ एप्रिल १९२२) हे ख्यालगायक, गुरू आणि मराठी संगीत नाटकांचे संगीतकार होते.

बालवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत भूमिका करीत. पुढे आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. त्यानंतर त्यांनी फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेर, नत्थन खाँ यांच्याकडे आग्रा आणि अखेरीस अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूर परंपरेची तालीम घेतली. घराण्यातील चिजा जिवापाड जपण्याचा तो काळ होता. घराण्याबाहेरच्या शिष्याला अशी तिहेरी विद्या लाभणे विरळाच. ग्वाल्हेरची मोकळी मांडणी, आग्र्याची लयकारी व बोलांचे काम आणि जयपूरची पेचदार तान यांचा मेळ त्यांच्या गायकीत झाला, असे मानले जाते.

बुवांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे हा मेळ कसा होता, याचा माग त्यांच्या शिष्यांच्या गाण्यातून आणि नाट्यपदांतूनच घ्यावा लागतो. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकातील पदांना त्यांनी यमन, भीमपलास, बिहाग अशा रागांत, ख्यालाच्या बंदिशींवरून बेतलेल्या चाली दिल्या. एरवी मैफलीपुरती राहणारी ही गायकी बालगंधर्वांच्या कंठातून सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचली.

पुण्यातील भारत गायन समाज ही संस्था त्यांनी १९११ मध्ये स्थापन केली. बालगंधर्वांखेरीज मास्टर कृष्णराव आणि पंजाबातील दिलीपचंद्र वेदी हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. स्वतःच्या नावाचे घराणे मात्र बुवांनी उभे केले नाही.